जुनी सुपरकार घेण्याआधी: मामाचे कानमंत्र

तू जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची म्हणतोस, याचा मला मनापासून आनंद आहे. आयुष्य गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाला आपल्या भाच्याचा एखाद्या चांगल्या यंत्रावर जीव जडलेला पाहून बरं वाटणारच. सोमवारी तू पोर्शे ९११चे फोटो पाठवतोस, बुधवारी लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचे, रविवारी फेरारीचे. तिन्ही गाड्या उत्तम आहेत. पण नवी गाडी घेणाऱ्याच्या पाठीशी शोरूम असते, वॉरंटी असते. दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर आणि चौकसपणावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून मला ठाऊक असलेलं सगळं एकदा नीट लिहून देतोय.

सगळ्यात आधी मूळ मंत्र ऐक. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. समज, अडीच कोटींची गाडी तुला ऐंशी लाखांत मिळाली. तिचा क्लच, तिचे ब्रेक, तिचा गिअरबॉक्स यांची बिलं मात्र अडीच कोटींच्या गाडीचीच येणार. हे ज्याला आधी समजलं तो वर्षानुवर्षं सुखाने गाडी चालवतो. ज्याला समजलं नाही त्याची गाडी दुसऱ्या वर्षी कव्हरखाली जाते आणि तिसऱ्या वर्षी विकायला निघते. पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघालेलं आहे.

पैसे दोन ढिगांत ठेव

तुझ्याकडे एक कोटी असतील तर गाडी एक कोटीची बघू नकोस, ऐंशी-ब्याऐंशी लाखांची बघ. उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि पहिलं वर्षभर त्यांना गाडीखेरीज कशासाठीही हात लावू नकोस. टायर, ब्रेक, सगळी तेलं, बॅटरी, विमा आणि एखादं अनपेक्षित मोठं काम, पहिल्या वर्षात हे येतंच. वर्ष संपल्यावर पैसे उरले तर आनंदच आहे.

कर्ज काढून अशी गाडी घेऊ नकोस. जुन्या आयात गाडीला बँका सहसा हात आखडता घेतात आणि व्याजही जास्त लावतात. एका हाताने हप्ता आणि दुसऱ्या हाताने गॅरेजचं बिल भरणारा माणूस दुरुस्ती पुढे ढकलत राहतो. दुरुस्ती पुढे ढकलली की या गाड्या मुळातून बिघडतात.

पहिली गाडी साधी निवड

माझं ऐकशील तर पहिली म्हणून पोर्शेचीच ९११ किंवा केमन बघ. २०११ साली आलेल्या ९९१ पिढीची ९११ मिळाली तर फारच चांगलं. ती रोज चालवता येते, बाहेरचं नीट दिसतं, सामान राहतं आणि तिच्यावर काम करू शकणारी माणसं सापडतात. त्याहून जरा वेगळं हवं असेल तर ऑडी आर८ बघ. तिच्या व्ही१० इंजिनाचं गॅलार्डोशी जवळचं नातं आहे, पण वागणूक पुष्कळ शांत आहे. फेरारी आणि लॅम्बोर्गिनी दुसऱ्या खेपेला घे. तोवर तुझा हात बसेल आणि कानही तयार होतील.

गाडी ठरवण्याआधी तिला हात लावणारा माणूस शोध. फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या कामासाठी पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या माणसाला मुंबई गाठावी लागते, तीही फ्लॅटबेडवर गाडी चढवून. तो खर्च आणि तेवढे दिवस हिशेबात धर. जी गाडी तुझ्या टप्प्यात दुरुस्त होत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी तुझ्यासाठी नाही.

प्रत्येक मॉडेलचं दुखणं वेगळं असतं

"पोर्शे भरवशाची असते", "फेरारी खर्चिक असते" असलं ढोबळ बोलणं कामाचं नाही. कोणत्या वर्षाची, कोणत्या इंजिनाची, ते बघ.

१९९७ ते २००५च्या ९९६ पिढीच्या साध्या ९११मध्ये आणि त्याच काळातल्या बॉक्स्टरमध्ये इंजिनाच्या आतल्या इंटरमिजिएट शाफ्टचं एक बेअरिंग असतं. ते तुटलं तर सगळं इंजिन जातं. ते सुधारित बेअरिंगने बदललं असेल तर बिल माग. त्यानंतरच्या ९९७ पिढीत, २००८ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांना, मोठं बेअरिंग आलं. ते बरंच टिकतं, पण बदलायचं तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं. २००९ मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनात ही भानगडच उरली नाही. त्याच जुन्या काळातल्या टर्बो आणि जीटी३ यांची इंजिनं वेगळी होती, त्यांना हे दुखणं नाही. साध्या जुन्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचीही तक्रार असते. थंड इंजिनात टकटक, तेल जास्त पिणं आणि सायलेन्सरच्या दोन नळ्यांपैकी एकीवरच दाट काजळी, ही तिची लक्षणं. शंका आली तर बारीक कॅमेरा सोडून सिलिंडर आतून बघून घे.

फेरारीत टायमिंग बेल्टचा प्रश्न आधी विचार. एफ३५५चा बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. ३६० मोडेनामध्ये सीटच्या मागचं पॅनेल काढून ते काम होतं. २००४ साली आलेल्या एफ४३०ला बेल्टच नाही, चेन आहे. बेल्टची मुदत तीन ते पाच वर्षांची असते, गाडी चालो वा न चालो. "फक्त चार हजार किलोमीटर झालेत, बेल्ट कशाला बदलू?" असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालू नकोस, ते बिल किमतीतून वजा कर. एफ४३०मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे जातात, ते बघायला विसरू नकोस. आणि या पिढ्यांच्या आतल्या बटणांवरचा रबरी लेप गरमीत चिकट होतो. गाडी त्याने थांबत नाही, पण खर्च होतोच.

गॅलार्डोची ई-गिअर, फेरारीची जुनी एफ१ आणि पहिल्या आर८ची आर-ट्रॉनिक, हे तिन्ही गिअरबॉक्स एकाच जातीचे. क्लच साध्या गाडीचाच, पायाऐवजी पंप तो दाबतो. मुंबईच्या गर्दीत इंच-इंच सरकताना किंवा पार्किंगच्या चढावर रिव्हर्स घेताना हा क्लच भराभर झिजतो. योग्य स्कॅनर लावला की झीज किती झाली ते कळतं. तो आकडा लेखी घे. दोन क्लचचे नवे गिअरबॉक्स, म्हणजे पोर्शेचा पीडीके किंवा फेरारी ४५८ इटालियाचा, गर्दीत फार सोसतात. पण ते बिघडले तर बिल मोठं येतं, म्हणून गिअर बदलताना जरासाही झटका बसला तर मेकॅनिकला सांग.

कमी किलोमीटरला भुलू नकोस

आपल्याकडे या गाड्या चालत कमी आणि उभ्या जास्त राहतात. बारा वर्षांत सहा हजार किलोमीटर, हे ऐकून तुला वाटेल की घबाड मिळालं. उभ्या गाडीचे सील सुकतात, तेल गळायला लागतं, टायर एका बाजूला चपटे होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं आणि उंदीर वायरी कुरतडतात. आठवड्याला एकदा नीट गरम होईपर्यंत फिरवलेली, दरवर्षी तेल बदललेली तीस हजार किलोमीटरची गाडी तुला जास्त सुख देईल.

किलोमीटर खरे आहेत का, हेही ताडून बघता येतं. पोर्शेच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं त्याची नोंद असते. किलोमीटरला तासांनी भाग. मीटर वीस हजार दाखवतोय आणि इंजिन दीड हजार तास चाललंय, म्हणजे सरासरी ताशी तेरा किलोमीटर. मग एकतर गाडीने नुसती गर्दी सोसली आहे, किंवा मीटर मागे फिरवलाय. त्याच अहवालात इंजिन मर्यादेपलीकडे कितीदा आणि कितव्या तासाला फिरलं तेही येतं. वरच्या गटातल्या नोंदी अलीकडच्या असतील तर ती गाडी सोड.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी बघितली की मन वितळतं. म्हणून आधी कागद माग, तेही घरी बसून, गाडी न बघता.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा सतरा अक्षरी नंबर तंतोतंत जुळला पाहिजे. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, विमा, कर आणि थकलेली चालानं बघ. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी हवी.

परराज्यातली गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. हा कर लाखांत जातो. महाराष्ट्रात त्याची कमाल मर्यादा जुलै २०२५पासून वीसची तीस लाख झाली, यावरून तुला अंदाज येईल. पुदुच्चेरी पासिंगच्या महागड्या गाड्या पुष्कळ दिसतात, कारण तिथला कर कमी. पण ज्या पत्त्यावर नोंदणी झाली तिथे मालक खरोखर राहत होता का, हे विचार. खोट्या पत्त्याची नोंदणी पुढे तुझ्या गळ्यात येईल. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या बारा-तेरा वर्षांच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या वाईट असतात असं नाही, पण एनओसी, इथला कर आणि पुन्हा नोंदणी हे सगळं धरून किंमत काढ.

वयाचाही खर्च असतो. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. आयात चारचाकीसाठी त्याचं शुल्क चाळीस हजार आहे, आणि गाडी वीस वर्षांच्या पुढे गेली की ऐंशी हजार. वर पर्यावरण कर वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बाहेरून आयात झालेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस. काही गाड्या कार्नेटवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, देशात येतात आणि मुदत संपल्यावरही इथेच राहतात. काही परदेशी वकिलातींच्या अधिकाऱ्यांच्या नावावर कर न भरता आणल्या जातात. २०२१मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने अशाच गाड्यांचं जाळं पकडलं होतं. वापरलेली गाडी रीतसर आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि कस्टमचा करही प्रचंड असतो. त्यामुळे कुणी "दुबईहून आणलेली, बाजारभावापेक्षा निम्म्यात" असं म्हणाला तर तिथूनच परत फीर. गाडी जप्त झाली तर पैसे परत मागायला जागा राहत नाही.

तपासणी: थंड इंजिन, उजेड आणि लिफ्ट

सकाळी जा. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांग की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर आधी इंजिनाच्या कव्हरवर हात ठेवून बघ, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी ये. थंड सुरुवातीला जे आवाज आणि धूर दिसतात, ते गरम इंजिनात लपतात.

आपल्या जुन्या मिस्त्र्यांची लोहचुंबकाची युक्ती इथे चालत नाही. गॅलार्डो, आर८, ४५८ यांचा पत्रा आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, त्याला चुंबक चिकटतच नाही. ॲल्युमिनियमवर चालणारं रंगाची जाडी मोजण्याचं यंत्र लागतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. कुठे तीनशेच्या वर आकडा गेला तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झालेलं आहे. बंपरवर टचअप असणं मोठं नाही. दारं, छप्पर, मागचा खांब इथे आकडे चढले तर लिफ्टवर घेऊन सांगाडा बघ. ॲल्युमिनियमचा सांगाडा कुठल्याही गॅरेजमध्ये वेल्ड होत नाही.

आपल्या पावसाचं विसरू नकोस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत किती गाड्या बुडाल्या ते मी बघितलं आहे. त्यानंतरही दर पावसाळ्यात तळघरातली पार्किंगं पाण्याने भरतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा गाळ आणि एसी लावल्यावर येणारा कुबट वास या तिन्हींपैकी एक जरी सापडलं तरी ती गाडी घेऊ नकोस. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमचीही माहिती काढ.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे टायर नक्षी कितीही भरलेली असली तरी बदलायचे. पोर्शेच्या टायरवर एन०, एन१ असं कंपनीचं चिन्ह हवं आणि एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच जातीचे हवेत. कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्क नुसत्या डोळ्यांनी बघून भागत नाही. किमान वजन डिस्कवरच लिहिलेलं असतं, आणि खरी झीज डिस्क उतरवून वजन केल्यावर कळते. चारही डिस्क बदलायचा भाव आधी विचारून ठेव.

शेवटी, विकणाऱ्याशी काही देणंघेणं नसलेल्या, त्या मॉडेलवर हात बसलेल्या मेकॅनिककडून पूर्ण तपासणी करून घे. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि लीक-डाउनचे आकडे लेखी माग. सगळे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एक सिलिंडर वेगळा पडला तर तिथेच दुखणं आहे. तपासणीचे पैसे वाया जातात असं वाटेल, तेव्हा एका इंजिनाची किंमत आठव. आणि विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर तेच तुझं उत्तर समज.

व्यवहार शांतपणे कर

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं व्हायला नको. "उद्या दुसरी पार्टी येतेय" हे प्रत्येक एजंट म्हणतो. येऊ दे. अशी गाडी पुन्हा मिळते.

टोकन द्यायचंच असेल तर थोडं दे आणि "तपासणी समाधानकारक झाली नाही तर परत" असं पावतीवर लिहून घे. पैसे फक्त बँकेतून दे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि रोखीत दिलेल्या पैशांचा पुढे काही पुरावा राहत नाही. दोन्ही किल्ल्या, मूळ पुस्तकं, सगळी सर्व्हिसची बिलं, टूलकिट आणि बदललेला मूळ सायलेन्सर असेल तर तोही ताब्यात घे. नावावर गाडी होण्याआधी नवा विमा उतरव आणि त्यात इंजिनात पाणी गेल्याचं संरक्षण आहे ना, ते वाचून बघ.

विकणाऱ्या मालकाशी तासभर बोल. त्याने गाडी कुठे नेली, कोणाकडे दुरुस्त केली, कोणत्या बिलाने त्याला घाम फुटला, हे त्याला आठवतं का बघ. ज्याने गाडी प्रेमाने सांभाळली तो सांगताना थकत नाही.

घरी आणल्यावर

आणल्या आणल्या सगळी तेलं, फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदल, पूर्वी केव्हा बदललं होतं ते न बघता. गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर लाव. पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या वरचं घाल. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, सील त्यासाठी बनवलेले नव्हते. तुझ्या गाडीला किती चालतं ते मालकाच्या पुस्तकात बघ आणि इंधनाच्या नळ्या वर्षातून एकदा तपासून घे.

आणि चालवताना सावध राहा. ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. ओल्या वळणावर घाबरून एकदम पाय उचललास तर मागचा भाग बाहेर जातो. पहिला पावसाळा घाटात जाऊ नकोस. द्रुतगती मार्गावरची वेगमर्यादा तुझ्या गाडीलाही आहे. तिची खरी ताकद बघायची असेल तर ट्रॅकवर जा, शिकवणारा सोबत घे. रस्त्यावर दुसऱ्याची मुलंबाळं असतात.

गाडी ठरली की टोकन देण्याआधी मला फोन कर. कागद मी वाचून बघतो आणि तपासणीला लिफ्टखाली तुझ्यासोबत उभा राहतो. अहवाल हातात आल्याशिवाय मात्र टोकनपलीकडे एक पैसाही देऊ नकोस.